डावी बाजू

“शेपटीला लाल फीत म्हणजे रांगेचं टोक. नियम म्हणजे नियम,” थोरला धाकट्या बहिणीला म्हणाला.

फीत भावजयीच्या घोडीला लागली होती. सकाळी पाण्याच्या टाकीपाशी तिने दुसऱ्या संघाच्या घोड्याला लाथ घातली, नेमकी पंचांच्या देखत. लाथाडी घोडी टोकाला ठेवायची, असा नियम. उजवं टोक कप्तानाचं, म्हणजे थोरल्याचं. राहिलं डावं, आणि ते आजवर धाकटीचं होतं.

“दादा, मला डावीकडची सवय आहे रे.”

“मग मोड सवय. क्रम लिहून दिलाय मी. आता बदलला तर चौघंही बाद.”

थोरल्याला नियमावली तोंडपाठ होती. बायकोच्या वाढदिवसाची मात्र दरवर्षी आठवण करून द्यावी लागे.

खेळ सांगायला सोपा. चौघांनी एका रांगेत घोडे सोडायचे, आपापल्या वाटेवर जमिनीत ठोकलेली मेख भाल्याने उचलायची आणि रांग न मोडता पलीकडे पोचायचं. पण धाकटीच्या घोड्याचा डावा डोळा हिवाळ्यातच गेला होता. टोकाला असला की डावीकडे नुसतं रिकामं मैदान, त्याला बुजायला काही नसे. सकाळी तपासणीत पशुवैद्याने त्या डोळ्यापुढे बोटं नाचवली, तेव्हा तिने लगामाला हळूच हिसका दिला. घोड्याने मान उडवली, डोळा शाबूत समजून वैद्य पुढच्या घोड्याकडे वळला. आपल्या हुशारीवर ती तेव्हा खूश झाली होती.

आता त्याच बाजूला लाथाडी घोडी, तिच्यावर भावजय आणि भावजयीच्या हातात भाला. भरधाव असताना तिकडून अचानक काही अंगावर आलं की घोडा बुजणार, आणि मग कोण कोणाच्या टापांखाली जाईल याचा नेम नव्हता. सांगून टाकावं, तर घोडा उद्या तबेल्यात दिसला नसता. तांबडी घोडी लंगडायला लागली तेव्हा थोरल्याने तिला आठवडाभरसुद्धा ठेवली नव्हती. “फुकट पोसायला काय धर्मशाळा आहे?” म्हणाला होता.

फाटकाशी घोडे ओळीने उभे राहिले. भावजय खोगिराचा पट्टा आवळायच्या निमित्ताने जवळ आली.

“वन्सं, ह्याला डावीकडून गाजर दिलं तर घेतच नाही. नाकाला टेकवावं लागतं. कधीपासून?”

धाकटीला रडूच यायला लागलं. “वहिनी, दादाला सांगू नकोस गं.”

“मी? मी दिवसभर एवढी बोलते, त्यात कामाचं कधी काही असतं का?”

“पण तू लांब राहा माझ्यापासून. जरा तरी.”

“लांब राहिले की रांग मोडली,” भावजय म्हणाली आणि रिकिबीत पाय घालून वर चढली.

चौघं आत गेली आणि मागे फाटकाचा अडसर पडला. इथून पुढे कप्तानाशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही, हाही नियमच. दोन्ही बाजूंना फळ्यांचं कुंपण, उजवीकडे चौथा स्वार, चुलतभाऊ, त्याच्या पलीकडे थोरला. डावीकडे काय आहे ते एकट्या घोड्याला माहीत नव्हतं. तो मांड्यांखाली थरथरत होता. हात वर करावा, सगळं थांबवावं, असं धाकटीला मनापासून वाटलं. भाला धरलेली मूठ सुटेना.

निशाण पडलं.

पहिल्याच झेपेला डावीकडून टापा आल्या आणि घोड्याने अंग चोरलं. तेवढ्यात तिकडून आवाज उठला.

“इथेच आहे रे मी, राजा! इथेच! काल आमटी खारट झाली म्हणे! विचार तुझ्या मालकाला, मीठ दोनदा कोणी घातलं! धाव, माझ्या सोन्या, मी इथेच आहे!”

घोड्याचा डावा कान त्या आवाजाकडे वळला आणि तिथेच राहिला. अंग सैल झालं. तो बाणासारखा सरळ निघाला. भावजय एकदाही श्वास घ्यायला थांबली नाही. मेख भाल्याला कधी लागली, हे धाकटीला पलीकडे पोचल्यावर कळलं. चारही मेखा वर होत्या. रांग मोडली नव्हती.

थोरला लालबुंद झाला होता. पंच वही घेऊन आले, त्यांच्यामागे पशुवैद्य.

“स्वार मैदानात बोलला. गुण कापले. दुसऱ्या फेरीत पुन्हा बोललात तर संघ बाद,” पंच म्हणाले. “ओरडत कशाला होतात, बाई?”

“सवय आहे हो,” भावजय म्हणाली. “घरी विचारा.”

पंच हसले, चुलतभाऊ हसला, थोरल्याच्याही मिशा हलल्या. पशुवैद्य तेवढा हसता हसता थांबला. भावजयीचा आवाज आला तसा धाकटीच्या घोड्याने मान डावीकडे वळवली होती, पार वळवली होती, उजव्या डोळ्याला ती दिसेपर्यंत.

धाकटीने लगाम ओढला. मान सरळ होईना. वैद्य सावकाश घोड्याच्या डाव्या बाजूला चालत आला आणि त्याने खिशातून हात काढून बोटं पसरली.

भावजयीने तोंड गच्च मिटलं. आवाज कुठे गेला म्हणून घोडा मान आणखी वळवू लागला.