अकरा वाक्यं

संपादकांनी चार पुस्तकं तिच्या टेबलावर ठेवली. पाचवं मात्र हातातच धरून ते उभे राहिले.

"हे दुसऱ्या कुणाला देऊ का?"

तिनं मुखपृष्ठावरचं नाव वाचलं. बारा वर्षांपूर्वी ते नाव तिच्या दारावरच्या पाटीवर होतं.

"का? तेही याच विषयावर आहे ना?"

"म्हणूनच विचारतोय."

"द्या इकडे."

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत, तोंडावरसुद्धा. रविवारच्या पुरवणीत ती नव्या पुस्तकांवर लिहायची आणि भल्याभल्यांची भंबेरी उडवायची. या खेपेचा विषय तिनंच मागून घेतला होता: ज्यांना शरीराची ओढ वाटतच नाही, अशी माणसं आजच्या कथाकादंबऱ्यांत कशी दिसतात. 'अलैंगिक' हा शब्द मथळ्यात घ्यायला संपादकांनी आठवडाभर खळखळ केली होती. हा विषय हिलाच का सुचला, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. तिनंही ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. एक माणूस सोडून.

चार पुस्तकं तीन दिवसांत झाली. रहस्यकथेतला असा गुप्तहेर म्हणजे चालतंबोलतं यंत्र. अंतराळातल्या कादंबरीत तर खरोखरचं यंत्र. भयकथेत अशी एक बाई होती, ती भूत निघाली. प्रेमकथेतली एक मुलगी तेवढी म्हणत होती, "मला ते नकोय," आणि समोरचा म्हणत होता, "बरं. मग चहा टाकू?" ते पान तिनं दोनदा वाचलं.

पाचवं पुस्तक तिनं गुरुवारी सकाळी घरीच उघडलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. पलीकडे आई वाटाणे सोलत बसली होती.

बेचाळिसाव्या पानावर नायिका नवऱ्याला म्हणते, "माझा जीव आहे तुझ्यावर. पण सगळे ज्या गाण्यावर डोलतात ना, ते मला ऐकूच येत नाही. मी आपली बाकीच्यांकडे बघून मान हलवते."

तिचा हात थांबला. शब्द न् शब्द तिचा होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका दुपारी ती हे बोलली होती, नळ मुद्दाम चालू ठेवून, कारण बाहेर सासूबाई बसल्या होत्या. त्यानं तिचा हात हातात घेतला होता. म्हणाला होता, "हे आपल्या दोघांतच राहील."

तिनं पेन्सिल घेतली आणि एकेका वाक्याखाली रेघ ओढत गेली. अकरा भरली. शेवटच्या प्रकरणात नायिकेला एक देखणा डॉक्टर भेटतो, दोन भेटींत ती 'बरी' होते आणि नवऱ्याला पत्र लिहून त्याची माफी मागते.

"काय गं, तोंड कसं झालंय तुझं?" आई म्हणाली.

"काही नाही. जुनी ओळख निघाली."

दुपारपर्यंत तिनं तीनशे शब्दांत त्या कादंबरीची सालटी काढली. मग स्वतःच ते वाचून पाहिलं. कातडं सोलून निघेल असं झालं होतं, पण त्याचं काय बिघडणार होतं? सोडलेली बायको, दुसरं काय लिहिणार, असं म्हणून लोक त्यालाच चहा पाजतील. खरं बोलायचं तर स्वतःला मध्ये उभं करावं लागणार होतं. आई वाचेल. मावशी वाचेल. ऑफिसातला शिपाईसुद्धा वाचेल.

मग तिनं सगळं पुसलं आणि नव्यानं लिहिलं:

"या कादंबरीत अकरा वाक्यं जिवंत आहेत. ती बेचाळीस ते सेहेचाळीस या पानांवर सापडतील. ती लेखकाची नाहीत. मी त्याची बायको असताना ती त्याच्यापाशी बोलले होते. शेवटचं प्रकरण मात्र सर्वस्वी त्याचं आहे. मी बरी झालेले नाही. मी आजारीच नव्हते."

संपादकांनी ते वाचून चष्मा काढला. "हे असंच जाऊ देऊ?"

"स्वल्पविरामसुद्धा हलवू नका."

"अहो, सगळं शहर वाचेल."

"त्यासाठीच लिहिलंय."

रविवारी साडेआठला त्याचा फोन आला. तो ओरडतच होता. पुरस्काराच्या यादीतून नाव जाणार, प्रकाशक फोन उचलत नाही, सकाळपासून ओळखीपाळखीचे लोक पानांचे आकडे विचारतायत.

"एवढा डूख धरलास? अगं, मी तुझं नाव तरी घेतलं होतं का कुठं?"

"नाही ना. म्हणून मीच घेतलं."

तिनं फोन ठेवला. तिला भूक लागली होती.

स्वयंपाकघरात आई भिंग धरून पुरवणी वाचत होती. पान उलटत नव्हती. लेक समोर जाऊन बसली. आईनं भिंग खाली ठेवलं.

"हे खरं?"

"हो."

"लग्नाच्या आधीपासून?"

"पहिल्यापासून."

आईनं त्या ओळींवर बोट ठेवलं.

"त्यानं तेव्हा घरी सगळं सांगितलं होतं?"

"सासूबाईंना सांगितलं होतं. मला नंतर कळलं."

"म्हणजे तिला ठाऊक होतं," आई हळूच म्हणाली. "आणि मी बारा वर्षं दर वर्षी तिला फोन करून माफी मागतेय. आमच्या पोरीनं तुमच्या मुलाच्या संसाराची माती केली म्हणून. ती बया निमूट ऐकून घेते. परवासुद्धा घेतलं ऐकून."

आईनं पुरवणीची घडी घातली. खुर्चीत नीट सरसावून बसली.

"माझा फोन दे इकडे. आणि तू जरा बाहेर जा. मी आता जे बोलणार आहे, ते आईनं लेकीसमोर बोलायचं नसतं."