एक नग, फरचा

"पावतीशिवाय या दुकानात काही राहत नाही," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

मुलीने पिंजरा काउंटरवर ठेवला होता, इस्त्री झालेल्या शर्टांच्या गठ्ठ्याशेजारी. आत राखाडी रंगाचा, मोठाल्या कानांचा, सशासारखा एक मऊ गोळा बसला होता आणि तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासारखा त्याच्याकडे बघत होता.

"चिंचिला आहे, बाबा. तीन महिन्यांचा."

"चिंचेचा काय संबंध?"

"काही नाही."

"मग ठीक."

एरवी ती आली की ऑपरेशनचा विषय निघायचा. त्याच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. ऑपरेशन टाळलं तर काय होईल, हे डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. बायको गेली, मुलगी मार्गी लागली, आता आपलं काय अडलंय? त्यावर मुलगी रडायची आणि तो इस्त्रीकडे वळायचा. आज मात्र तिने विषयच काढला नाही. "थोडे दिवस सांभाळा," एवढंच म्हणाली. तेवढ्यावर खूश होऊन त्याने पावतीपुस्तक पुढे सरकवलं.

"चष्मा वर घरात राहिलाय. तूच लिही. नाव, माल, डाग, डिलिव्हरीची तारीख."

"माल काय लिहू?"

"एक नग, फरचा. डाग असतील तर आत्ताच बघून लिही, नंतर कटकट नको."

तिने लिहिलं. त्याने खाली सही ठोकली आणि पावतीची दुकानाची प्रत सेफ्टी पिनने पिंजऱ्याला अडकवली. चाळीस वर्षांत त्याची एकही तारीख चुकली नव्हती. बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा एका नवरदेवाचा सूट वेळेवर गेला होता.

सांभाळायचं कसं, ते मुलीने समजावलं. पाणी अजिबात लावायचं नाही, दाट फर आतून वाळत नाही. ताटलीत बारीक धूळ द्यायची, तो आपला आपण लोळून स्वच्छ होतो.

"म्हणजे ड्रायक्लीन," तो म्हणाला. बाकीच्या सूचना त्याने मान हलवत ऐकल्या, म्हणजे ऐकल्या नाहीत.

नग खरोखर नग निघाला. धुळीत असा लोळायचा की काळे कोट पांढरे व्हायचे. गवत खाऊन झालं की दात शिवशिवायचे, मग पिंजऱ्याची कडा कुरतडायचा. लॉन्ड्रीवाल्याने दोन लाकडी हँगर काढले, त्यांचं पॉलिश घासून उतरवलं आणि आत टाकले. एकदा त्याने नगाला घाईत पकडलं, तर घाबरून नगाने फरचा एक झुपका त्याच्या हातातच सोडला. चाळीस वर्षांत माल खराब व्हायची ती पहिली वेळ. त्याने नगाची माफी मागितली. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून जमलं.

दहाव्या दिवशी दुपारी स्टीम प्रेस जोरात चालू होती. पिंजरा तिच्या मागच्याच फळीवर होता. लॉन्ड्रीवाल्याने सहज वळून पाहिलं तर नग कुशीवर पडला होता, कान लालबुंद, पोट भराभर हलत होतं. उन्हाळा, वाफ, काही म्हणजे काही याला सोसत नाही, असं मुलगी काहीतरी म्हणाली होती.

त्याने प्रेस बंद केली. भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं, थंड बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली आणि निघाला. जनावरांची डॉक्टरीण दोन गल्ल्या पलीकडे होती. तेवढ्यात धाप लागून त्याला दोनदा कुणाच्या तरी पायरीवर बसावं लागलं, पिंजरा मांडीवर घेऊन. त्याला मनापासून भीती वाटत होती. छातीची नव्हे, आपण पोचायच्या आत हा जाईल याची.

डॉक्टरणीने नगाला गार केलं, थेंब थेंब पाणी पाजलं. अर्ध्या तासाने नग उठून बसला आणि पुन्हा तक्रारीच्या नजरेने बघू लागला.

"वाचला," ती म्हणाली. "पिल्लू आहे अजून. थंडाव्यात ठेवलात तर वीस वर्षं सहज काढेल. तुमचाच ना?"

"गिऱ्हाइकाचा," तो म्हणाला. कधी न्यायला येणार हे बघावं म्हणून त्याने खिशातला चष्मा लावला आणि पावती वाचली. दिवस बरोबर होता, महिना बरोबर होता. साल वीस वर्षांनंतरचं होतं. खाली त्याची सही होती, स्वच्छ आणि वळणदार.

त्याने तिथूनच मुलीला फोन लावला.

"तारीख चुकलीय."

"नाही चुकलेली."

"अगं, तोवर मी नव्वदीला टेकेन."

"तुम्ही सही केलीय, बाबा," ती म्हणाली.

त्याने पावतीवरची आपली सही पुन्हा एकदा निरखली. पिंजऱ्यात नग हँगर कुरतडत होता.

पुढच्या सोमवारी नग मुलीच्या घरातल्या गार खोलीत होता आणि लॉन्ड्रीवाला हॉस्पिटलच्या काउंटरपाशी उभा होता. मुलगी बॅग धरून मागे. कारकुनाने भरती करून घ्यायचा फॉर्म पुढे केला. लॉन्ड्रीवाल्याने चष्मा लावला, नाव, वय, आजार, सगळे रकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"सही करा ना, आजोबा," कारकून म्हणाला. "मागे रांग आहे."

"एक रकाना राहिलाय," लॉन्ड्रीवाल्याने फॉर्म परत सरकवला. "माल परत कधी देणार, ती तारीख टाका. मग करतो."