ठिपक्याचं शेपूट

घोरपडे सरांनी पिस्तुलावर रेड डॉटचा, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरू देणाऱ्या साइटचा, शेवटचा स्क्रू पिळला. पिस्तुलाच्या टोकावरची नेम धरायची माशी त्यांना दिसेनाशी झाली होती आणि चष्म्याने आता काही होणार नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी कानाआड केलं होतं. महागड्या साइटच्या वाटेला न जाता ही बेताच्या किमतीतली त्यांनी पारखून मागवली. रायफल क्लबच्या स्पर्धेत निदान एकदा तरी पुन्हा उभं राहायचं होतं.

रिकामं पिस्तूल उचलून त्यांनी काचेतून पाहिलं. लाल ठिपका गोल नव्हता. उजवीकडे त्याला शेपूट फुटलं होतं.

"स्वस्तातला माल, दुसरं काय!" ते करवादले. "केतकी, तू बघ गं जरा."

मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली नेमबाज. तिने नेम धरला, मग बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हो बाबा, मलाही शेपूट दिसतंय. परत पाठवू."

सरांचा जीव भांड्यात पडला. ती चहा टाकायला आत गेली, तेव्हा त्यांनी सवयीने पिस्तूल कुशीवर आडवं करून पुन्हा काचेतून पाहिलं. दोष साइटचा असेल तर शेपूट पिस्तुलाबरोबर फिरतं, डोळ्याचा असेल तर जागचं हलत नाही. प्रत्येक शिष्याला ते हेच शिकवत आले होते.

शेपूट उजवीकडेच राहिलं.

केतकी कप घेऊन आली. "खोकं कुठंय, बाबा? आजच पाठवते."

"नको." त्यांनी पिस्तूल तिच्यापुढे सरकवलं. "तुला गोल दिसतो. यंदा स्पर्धेला हे तू ने."