म्हातारीची नाडी

ऊन आधी उंच मनोऱ्याच्या टोकावर उतरलं. मग अंधारात पायऱ्या चाचपत यावं तसं, तारांवरून, चिनी मातीच्या पांढऱ्या चकत्यांवरून, गंजलेल्या कुंपणावरून सावकाश खाली आलं आणि आवारातल्या खडीवर पसरलं. प्रत्येक खड्याला क्षणभर स्वतःची सावली मिळाली. तारेवर चिमण्यांची रांग होती. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. कुंपणापलीकडून दूधवाला सायकलवर गेला. त्याच्या किटल्या उन्हात लकाकल्या. सगळं कसं धुऊन ठेवल्यासारखं निवांत होतं. अलीकडे प्रत्येक सकाळ अशीच निवांत येते, असं वैद्यांना वाटलं.

वैद्य हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वीज उपकेंद्रातल्या माणसांनी ते ठेवलं होतं. आवाराच्या मधोमध उभ्या असलेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरला सगळे म्हातारी म्हणत. तिचं तापमान दाखवणारा काटा कैक वर्षांपूर्वी अडकला, तो अडकलाच. सुटे भाग बनवणारा कारखानाही आता उरला नव्हता. वैद्य लाकडी काठीचं एक टोक तिच्या पोलादी अंगाला लावत, दुसरं कानाला. आतली गुणगुण ऐकत आणि सांगत, "ठीक आहे." मग शहराचा दिवस सुरू होई.

निवृत्तीचं वय कधीच मागे पडलं होतं. "तुम्ही गेलात तर हिची नाडी कोण बघणार?" असं म्हणून साहेबलोक त्यांना दर वेळी थांबवून घेत. वैद्य दर वेळी थांबत. कौतुकाच्या पिंजऱ्याला कुलूप लागत नाही. म्हणूनच त्यातून बाहेर पडता येत नाही. बायको घरी टोमणा मारी, "तिची कुजबुज बरी ऐकू येते! माझ्या हाका तेवढ्या भिंतीवर आपटतात." वैद्य हसून तिच्याकडे पाठ फिरवत.

काल संध्याकाळी शेजारचा दुसरा ट्रान्सफॉर्मर जळाला. निम्मं शहर रात्रभर अंधारात होतं. पाणी चढवणारे पंप बंद होते, रुग्णालयाच्या जनित्रातलं डिझेल संपत आलं होतं. आता सगळा भार एकट्या म्हातारीने उचलायचा होता. ती फुटली तर शहर कित्येक महिने अंधारात बुडणार होतं, आणि आवारातली माणसं तो अंधार बघायला उरणार नव्हती.

"वैद्यबुवा, आज जरा गोड बोला हो तिच्याशी," वायरमन म्हणाला. "या वयात दोन घरचा संसार ओढायचाय बाईला!"

सगळे हसले. वैद्यही हसले.

या महिन्यातच रुजू झालेल्या इंजिनियरबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. डोळे जागरणाने लाल होते. "काका, थोडा भार टाकलाय. आता तुम्ही म्हणाल तसं. पूर्ण टाकू?"

वैद्यांनी काठी टेकवली. कान लावला. डोळे मिटले.

आत शांतता होती. वर्षभरात म्हातारी अशीच समजूतदार झाली होती. पूर्वीसारखी कुरकुर नाही, कण्हणं नाही. फक्त त्यांचा स्वतःचा हात थरथरत होता. तो रोजच थरथरे. वयाला औषध नाही, असं म्हणून त्यांनी तिकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं. आज मात्र थरथर कोपरापर्यंत चढली. 'ठीक आहे' ओठांवर आलं. तेवढ्यात घामाचा थेंब डोळ्यात उतरला. तो पुसायला त्यांनी काठी उचलली.

हात थांबला.

त्यांनी काठी पुन्हा टेकवली. हात थरथरू लागला. उचलली. हात एखाद्या तरुणाच्या हातासारखा स्थिर.

वैद्यांनी वर पाहिलं. तारेवर एकही चिमणी नव्हती. वायरमन दोन्ही कानांवर हात दाबून मागे सरकत होता. इंजिनियरबाईंच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. त्या ओरडत होत्या, बहुधा मघापासून.

"बंद करा!" वैद्य किंचाळले. "सगळा भार काढा!"

त्या नियंत्रण कक्षाकडे धावल्या. वैद्यांनी तळवा पोलादावर ठेवला आणि चटका बसताच मागे घेतला. मग काठी टेकवून उभे राहिले. काही क्षणांनी काठी निपचित झाली. कुंपणापलीकडे उरलेलं निम्मं शहरही विझलं होतं. उन्हात ते कुणाला दिसलंही नसतं.

वायरमनने त्यांना मिठीच मारली. इंजिनियरबाई धापा टाकत परत आल्या, त्यांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि सावकाश बोलल्या. आपण बाईंच्या चेहऱ्याकडे नव्हे, ओठांकडे बघतो आहोत, हे वैद्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

"फुटलीच असती हो काका. पण हा घुरघुराट तर मी आल्या दिवसापासून ऐकतेय. तुम्ही रोज ठीक म्हणायचात, मला वाटलं हिचा आवाजच असा. आज त्यात वेगळं काय ऐकलंत?"

उत्तर तयार होतं. तेल उकळल्याचा आवाज, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. सगळ्यांनी मानलं असतं. साहेबलोकांनी आणखी एकदा थांबवून घेतलं असतं. उद्याची सकाळही अशीच निवांत आली असती.

वैद्यांनी काठी इंजिनियरबाईंच्या हातात दिली.

"काहीच नाही ऐकलं, बाई," ते म्हणाले. "वर्ष झालं असेल. मला ऐकू येत नाही."