काचेवरचं कमळ

"पैज लावतो, कुणाचाच विश्वास बसणार नाही," चहाचा कप पुढे करत मी म्हणालो. खिडक्या बदलायला आलेल्या कारागिराने हातोडी खाली ठेवली. पाचगणीच्या थंडीत गरम चहाला कोण नाही म्हणतं?

तीन जुन्या खिडक्या निघाल्या होत्या. त्या भगदाडांतून धुकं आत शिरून आरामखुर्चीत बसलं होतं. उरली होती स्वयंपाकघरातली. ती वाचवायची तर आत्ताच.

"हिवाळ्यात अंगणातली रांगोळी दवाने भिजायची, म्हणून आमची ही या काचेवरच्या वाफेत बोटाने कमळ काढायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. पण थंडी पडली की कमळ रोज आपोआप उमलतं. गेल्या पौषात तर एक भुंगा त्यात शिरला, मध पिऊन तिथेच झोपला. संध्याकाळी पाकळ्या मिटल्या आणि तो आतच! पहाटेपर्यंत काच गुणगुणत होती."

कारागिराने वळून पाहिलं. वाफेत खरंच कमळ होतं. त्याने हात मागे घेतला. "आजोबा, ही मी नाही काढत बुवा."

मी मनात हसलो, तोच सूनबाई दारात आली. सरकत्या खिडक्यांचा हट्ट तिचाच. तिने कमळ पाहिलं, मग स्वेटरला पुसत असलेलं माझं ओलं बोट पाहिलं.

"थापा मारताय, बाबा," ती म्हणाली. "आईंच्या कमळाला आठ पाकळ्या असायच्या. तुम्ही सहाच काढल्यात. राहू दे ती खिडकी. उद्या मी शिकवते तुम्हाला."