इंजिन उतरवताना

"मी 'बास' म्हटलं की तिथेच थांबव. बोटभरही खाली नको," असं म्हणून वेंडेल जुन्या मस्टँग गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून वाकला. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या त्यांच्या घरच्या गॅरेजमध्ये नवं इंजिन छोट्या क्रेनच्या साखळीला लटकत होतं. मूळच्या इंजिनापेक्षा दांडगं आणि जड. ते नेमकं जागेवर बसावं म्हणून त्याने दोन्ही हात त्याच्याखाली घातले होते. इंजिन खाली सोडायचा क्रेनचा व्हॉल्व्ह त्याच्या बायकोच्या, लोरेटाच्या हातात होता.

एवढ्या वर्षांच्या संसारात लोरेटाने नवऱ्यापासून एकच गोष्ट लपवली होती. तिला ऐकू येणं कमी होत होत आता जवळजवळ थांबलंच होतं. समोरच्याचे ओठ बघून ती वेळ मारून न्यायची. आत्ता मात्र तिला वेंडेलची नुसती पाठ दिसत होती.

तिने व्हॉल्व्ह जरासा सैल केला. इंजिन खाली सरकलं आणि वेंडेलची पाठ थरथरली. ओरडतोय का हा? व्हॉल्व्ह गच्च आवळून ती गाडीला वळसा घालून धावली. बोटं शाबूत होती, पण त्याचे ओठ भराभर हलत होते.

"काय झालं रे? चेंगरला का हात?"

वेंडेलने दचकून वर पाहिलं, मग तो हसला. "अगं, गाणं म्हणतोय! रोजचंच. बहिरी झालीस की काय?"

लोरेटाने इंजिनाखालच्या त्याच्या हातांकडे बोट दाखवलं.

"आधी ते हात बाहेर काढ," ती म्हणाली, "मग सांगते."