ओळीआधीचं टिंब

"ह्या नागपूरवाल्याले उलटं टांगाले पाहिजे!" साबिरानं कागद टेबलावर आपटला. "पाहा नं केसरबाई, पुन्हा ओळ गायब. पुन्हा टिंबच!"

ब्रह्मपुरीच्या बांबू संघात कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं. त्यावर पत्रं कशी लिहायची, ते सांगणारी पुस्तिका नागपूरहून हातानं लिहून आली होती, ती त्याच्याच पोटात भरून ठेवलेली. पण छापून काढली की निम्मी गायब. यंत्राची खोडच तशी. ओळीच्या सुरुवातीला टिंब दिसलं की ते ती ओळ हुकूम समजतं, छापतच नाही. ठळक अक्षरांची खूण उघडली नि बंद केली नाही, तर पुढचं अख्खं पान काळंकुट्ट. आणि टिंबं तरी कुठं? 'आता हे बटण दाबा', नेमकं त्या ओळीआधी! साहेबलोक वाचत, डोकं खाजवत, यंत्रावर पुन्हा कापड टाकत. पत्रं फिरून टाइपिंगच्या चौघींकडे.

चौघींत केसरबाई सगळ्यात जुनी; साबिरा सगळ्यात नवी, हंगामी. घर तिच्याच पगारावर. मॅनेजर वामनराव म्हणाले होते, "पुस्तिका नीट करून दे, तुला कायम करतो."

"राहू दे नं पोरी," केसरबाई म्हणाली. "नागपूरवाल्यांचं काम. तू काऊन रक्त आटवतं?"

"काऊन म्हंजे? फुकटाचा पगार खातेत! एखादं टिंब चुकून पडते. इथी तं पानोपानी सडा हाय. डोळे का घरी ठेवून आले होते?"

"जरा दमानं घे. घाई कायची हाय?"

साबिराला झोंबलं. स्वतः केसरबाईच्या हातून इतक्या वर्षांत एक अक्षर चुकलं नव्हतं, नि ही म्हणते राहू दे!

"माहं कायम होनं तुम्हाले पाहवत नाई, असं सरळ म्हना नं."

केसरबाईनं मान खाली घातली नि टाइपरायटर खडखडवला.

साबिरानं शिव्या देत देत एकेक टिंब उपटलं, एकेक खूण बंद केली. पुस्तिका धुतल्या तांदळासारखी छापून निघाली. वामनराव ती घेऊन यंत्रापुढं बसले. संध्याकाळी स्वतःच्या हातानं काढलेलं पत्र नाचवतच टाइपिंगच्या खोलीत आले.

"शाब्बास साबिरा! अगदी सोपं करून ठेवलंस. आता ज्याचं पत्र तो काढेल. पहिल्या तारखेपासून टाइपिंग विभाग बंद."

"नि मले कायम करनार होते, त्याचं?"

"कुठल्या विभागात करू?" वामनराव हसले नि निघून गेले.

"हरामखोर!" साबिरा किंचाळली. "हा बी, नि तो नागपूरवाला बी!"

केसरबाईनं टाइपरायटरवर खोळ चढवली.

"त्याले काऊन शिव्या देतं?" ती म्हणाली. "त्याची वही सोळा आने होती. यंत्रात भरताना ते टिंबं म्या टाकले होते, पोरी. चौघींसाठी."